करुण कथेत विनोद कसा आणावा: पायरीपायरीनं

दुःखाची गोष्ट लिहिताना विनोद आणावासा वाटतो तो बहुतेकदा धास्तीपोटी. वाचक रडून थकेल, अर्ध्यावर गोष्ट सोडून देईल, म्हणून अधूनमधून थोडं हसवू या, असा विचार असतो. हा हेतूच मला पटत नाही. विनोदानं दुःख हलकं होत नाही आणि होऊही नये. विनोदाचं काम असतं वाचकाला त्या माणसाच्या इतकं जवळ नेणं, की पुढचा घाव त्याला स्वतःचा वाटेल. ज्याच्याबद्दल आपल्याला नुसती दया वाटली, त्याला आपण लवकर विसरतो. ज्याच्यासोबत हसलो, त्याचं जाणं मनात राहतं.

मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी नाझी छळछावणीतल्या आपल्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. सोबत राबणाऱ्या एका शल्यचिकित्सक मित्राशी त्यांनी ठरवलं होतं की सुटकेनंतर काय घडेल याबद्दल रोज एक तरी गमतीची गोष्ट रचायची. त्यातली एक कल्पना अशी: उद्या आपण मोठ्या घरी जेवायला जाऊ, यजमानीणबाई सूप वाढायला लागतील आणि आपण भान विसरून गयावया करू, ‘जरा तळातून वाढा’. छावणीतल्या पाणीदार सुपात चार दाणे असलेच तर ते तळाशी असत. भुकेचं कितीही वर्णन केलं तरी या एका कल्पनेइतकी भूक त्यातून कळणार नाही. विनोद इथं दुःखावर पांघरूण घालत नाही, उलट दुःखाचीच माहिती देतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत शोधायचा आहे तो असा विनोद.

पहिली पायरी: विनोदाशिवाय एक पान लिहा

गंमत सुचली असली तरी बाजूला ठेवा. आधी साध्या वाक्यांत एक पानभर लिहून काढा: कुणाचं काय गेलं, आणि त्यातलं काय कधीच भरून येणार नाही. पान झालं की त्यातलं सर्वांत बोचणारं वाक्य शोधून त्याखाली रेघ मारा. त्या वाक्याला धक्का लावणारा विनोद, तो कितीही चांगला असला, तरी पुढे गाळायचा आहे. बाकी सगळ्या विनोदाला मोकळीक आहे.

या लेखापुरती एक गोष्ट रचू आणि प्रत्येक पायरी तिच्यावरच करून पाहू. एक निवृत्त मुद्रितशोधक आहेत. आयुष्यभर त्यांनी छापायला चाललेल्या मजकुरातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या. घरीही तेच. मुलीनं परगावाहून पत्र पाठवलं तर उत्तराऐवजी तेच पत्र परत येई, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून. पक्षाघाताच्या झटक्यात त्यांची वाचा जाते. काही आठवड्यांनी ते जातात. बायको आणि मुलगी मागे राहतात.

पहिलं पान लिहिल्यावर बोचणारं वाक्य काय निघतं? ‘वडील गेले’ हे नाही. ते असं असेल: ‘बाबांनी मला कधी शाबासकी दिली नाही, दुरुस्त्या दिल्या; आता दुरुस्त करणारंही कुणी उरलं नाही.’ मुलीला उशिरा कळतं की दुरुस्ती हीच त्यांची माया होती. या समजुतीला विनोदानं हात लावायचा नाही. पण लाल पेन मात्र गोष्टभर मोकळं फिरू शकतं.

दुसरी पायरी: हसू माणसाच्या सवयीतून काढा

बाहेरून आणलेला विनोद करुण कथेत लगेच ओळखू येतो. तो लेखकाचा असतो, गोष्टीतल्या कुणाचाच नसतो. हे पाहा:

‘बाबा अतिदक्षता विभागात होते. अंगाला इतक्या नळ्या आणि वायरी, की ते एखाद्या उघडलेल्या जुन्या रेडिओसारखे दिसत होते.’

उपमा कदाचित जमली असेल, पण ती कुणाला सुचली? मुलीला त्या क्षणी अशी उपमा सुचणार नाही. शिवाय हसू कशाचं आहे, तर असहाय पडलेल्या देहाचं. वाचक तिथं हसलाच तर पुढच्या क्षणी त्याला स्वतःची लाज वाटेल, आणि ती लाज वाटायला लावल्याबद्दल तो लेखकावर रागावेल.

आता हे:

‘दारावर पाटी होती: “रुग्णांस भेटण्यास सक्त मनाइ आहे.” आईनं ती दोनदा वाचली. मग हळूच म्हणाली, “यांना आत नेताना ही दिसली नसेल ना?”’

इथं कुणीच विनोद करायला गेलेलं नाही. आईला खरोखर काळजी आहे. नवरा शुद्धीवर असता तर त्या ‘मनाइ’नं त्याचा जीव कासावीस झाला असता, हे तिला ठाऊक आहे. त्या एका प्रश्नात त्यांचा सगळा संसार दिसतो. तिची भीती तर दिसतेच.

म्हणून आपल्या पात्रांच्या सवयी लिहून काढा: त्यांचे हट्ट, त्यांच्या लेखी अतोनात महत्त्वाच्या असलेल्या क्षुल्लक गोष्टी, घरात वर्षानुवर्षं चालत आलेले वाद. मृत्यूच्या दारातही माणूस आपला हट्ट सोडत नाही, हे खरं असतं आणि म्हणूनच हसवतं. दुसरा मोठा साठा म्हणजे व्यवस्थेचा कोरडेपणा. मृताच्या नावावरचा फोन बंद करायला गेलं की खिडकीतला माणूस सांगतो, ‘ग्राहकाला स्वतः यावं लागेल.’ तो माणूस दुष्ट नाही. नियम पाळतो आहे. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सरकारी मराठी आणि घरातलं ओलं दुःख शेजारीशेजारी ठेवलं की हसू आपोआप येतं, त्यासाठी कुणाचीही टिंगल करावी लागत नाही. तिसरा साठा लहान मुलांच्या तर्काचा. तो मात्र जपून वापरा, कारण शहाणपणाची वाक्यं बोलणारं मूल करुण कथेत इतक्यांदा येऊन गेलं आहे की ते आता खोटं वाटतं. मूल तर्कानं चुकलं तरच हसू येतं. मोठ्यांना धडा शिकवायला लागलं की नाही.

तिसरी पायरी: हसण्याचा हक्क कुणाला, ते ठरवा

प्रत्येक गमतीच्या जागी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हसतंय कोण? आणि हसू कुणाच्या किंवा कशाच्या वाट्याला येतंय?

ज्याचं दुःख आहे त्याचाच हसण्याचा हक्क सर्वांत मोठा. आजारी माणसानं स्वतःच्या आजारावर केलेला विनोद वाचक लगेच स्वीकारतो, कारण त्यात धैर्य दिसतं. तोच विनोद शेजाऱ्याच्या तोंडी घातला की क्रूर वाटतो. जवळच्या माणसांचा हक्क त्याखालोखाल. तटस्थ निवेदकाचा सर्वांत कमी, आणि नेमका तोच सर्वांत जास्त विनोद करत असतो.

हसू कशाच्या वाट्याला जावं? रूढींच्या, नियमांच्या, योगायोगांच्या, माणसांच्या फुशारकीच्या, आपण सगळेच करतो त्या केविलवाण्या आवराआवरीच्या. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या असहायतेच्या, शरीराच्या किंवा मरण्याच्या पद्धतीच्या वाट्याला नाही. आपल्याकडची एक जुनी खोड इथंच सांगतो: दुःख प्रमाण मराठीत बोलणाऱ्यांना द्यायचं आणि हसू बोलीत बोलणाऱ्या गड्याला किंवा मोलकरणीला. असं केलं की एका वर्गाचं दुःख गंभीर आणि दुसऱ्याचं जगणंच गमतीचं, असा अर्थ लेखकाच्या नकळत उमटतो. बोलीत बोलणाऱ्या पात्राला तुमच्या कथेत रडायचाही हक्क हवा, आणि सर्वांत नेमकं वाक्यही कधी त्याच्या तोंडी यायला हवं.

चौथी पायरी: जागा निवडा

हे सर्वांत अवघड काम. माझ्या मते फसलेल्या कथांमधला निम्म्याहून अधिक विनोद स्वतः वाईट नसतो, चुकीच्या जागी पडलेला असतो.

आपल्या काव्यशास्त्रानं हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. करुण आणि हास्य हे परस्परविरोधी रस मानले गेले. पण म्हणून ते एकत्र येऊच नयेत, असं मात्र ठरवलं नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, विरोधी रस एका कृतीत कसे नांदवायचे याच्या वाटा सांगितल्या. त्यातल्या तीन आजच्या कथालेखकालाही जशाच्या तशा उपयोगी पडतात.

एक: मुख्य रस आधी पक्का बसू द्या, मग विरोधी रस त्याचं अंग म्हणून आणा. म्हणजे ही गोष्ट दुःखाची आहे हे वाचकाला पहिल्या पानातच कळलेलं असावं. एकदा ते कळलं की पुढचं हसू त्या जाणिवेच्या आतच हसलं जातं. कथा हलकीफुलकी म्हणून सुरू करून मध्येच मृत्यू आणला की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. आपल्या गोष्टीत पत्रं दुरुस्त होऊन परत येण्याचा प्रसंग सुरुवातीलाच आहे, पण त्याआधी एक वाक्य हवं: ‘बाबांची वाचा गेली त्या आठवड्यात मी त्यांची सगळी पत्रं बाहेर काढली.’ आता पत्रांची गंमत कितीही रंगवा, ती त्या वाक्याच्या सावलीतच राहील.

दोन: विरोधी रसांना वेगवेगळे आश्रय द्या. एकाच पात्राला एकाच क्षणी रडवू-हसवू नका. मुलगी कोसळलेली आहे, तर आईला पाटीवरच्या चुकीची काळजी वाटू द्या. पुढच्या प्रसंगात उलट करा. घरातही असंच घडतं. सगळे एकाच वेळी मोडत नाहीत.

तीन: दोन विरोधी रसांमध्ये तिसरा, दोघांनाही न अडणारा रस ठेवा. रडण्यावरून थेट हसण्यावर उडी मारायची नाही, मध्ये थोडं कुतूहल, थोडं आश्चर्य, एखादं हातातलं काम येऊ द्या. मुलगी वडिलांच्या मृत्यूनंतर कपाट उघडते. आत लाल रिफिलींची अख्खी पेटी सापडते. ती मोजायला लागते. मोजताना कळतं की आणखी किती वर्षं दुरुस्त्या करायचा त्यांचा बेत होता. हसू मोजण्यातून येतं, रडण्यातून नाही.

आता घावाच्या आधी, घावाच्या वेळी की घावानंतर? तिन्ही जागा चालतात, पण प्रत्येकीचं काम वेगळं.

घावाच्या आधीचा विनोद प्रेम जुळवतो. घाव पडून गेलेला आहे पण पात्रांना अजून कळलेला नाही, अशा फटीतला विनोद भीती वाढवतो. ‘मॅकबेथ’च्या दुसऱ्या अंकात राजाचा खून होतो, खुन्यांचे हात रक्तानं माखलेले असतात आणि दारावर थापा पडू लागतात. लगेच पुढच्या प्रवेशात झिंगलेला द्वारपाल येतो आणि आपण नरकाच्या दारावरचे पहारेकरी आहोत अशी कल्पना करत बडबडतो. प्रेक्षक हसतो, पण आत काय पडलं आहे हे त्याला ठाऊक असतं. द्वारपाल जितका वेळ काढतो तितका जीव टांगणीला लागतो. त्याला ठाऊक नाही, पण तो गंमत म्हणून जे बोलतो तेच त्या घराबद्दल खरं झालेलं आहे.

घावाच्या अगदी तोंडावर विनोद ठेवण्याचं धाडस शूद्रकानं ‘मृच्छकटिका’च्या दहाव्या अंकात केलं आहे. निरपराध चारुदत्ताला वधस्थळी नेलं आहे, आणि दोघे चांडाळ वाद घालतायत की आज मारायची पाळी कुणाची. मग एक जण बापाची शिकवण सांगतो: पाळी आली तरी घाई करू नकोस, कुणी भला माणूस पैसे भरून सोडवेल, राजाला मुलगा होईल, हत्ती सुटेल, राज्यही पालटेल. ऐकताना हसू येतं. पण हे पाल्हाळ नुसतं हसवण्यासाठी नाही. त्यात गेलेल्या वेळामुळेच, जिच्या खुनाचा आरोप चारुदत्तावर आहे ती वसंतसेना जिवंत, वेळेवर पोचते. शिवाय मारेकऱ्यांनाही मारायचं नाही, हे प्रेक्षकाला कळतं. एका विनोदानं तीन कामं केली. तुमच्या करुण प्रसंगातला विनोद किती कामं करतो ते असं मोजून पाहा. फक्त हसवत असेल तर अजून वेळ द्या.

आणि कधी विनोदच घाव बनतो. ‘एकच प्याला’तला तळीराम प्रेक्षकांना खदखदून हसवतो, आर्य मदिरा मंडळाच्या गमती आजही रंगतात. पण सुधाकराच्या हाती पहिला प्याला देणारा तोच आहे. ज्याच्यावर आपण लोभ जडवला तोच घराचा नाश घेऊन आला, हे उमजल्यावर आपलं आधीचं हसूही आपल्याला टोचतं. ही रचना अवघड आहे, पण व्यसन, कर्ज, गोड बोलून झालेली फसवणूक अशा विषयांवर लिहिणाऱ्यानं तिचा अभ्यास करावा. नाश अनेकदा हसत-खेळतच घरात शिरतो.

विनोद कुठं टाळायचा? मृत्यू किंवा हिंसा प्रत्यक्ष घडत असतानाच्या वाक्यांत, आणि पहिल्यांदा बातमी कळते त्या क्षणी. तिथं वाचकाला पात्रासोबत एकटं सोडा.

पाचवी पायरी: वाक्यावर काम करा

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, आणि विनोद तिथंच मरतो. ‘बाबांनी डॉक्टरांच्या सूचनापत्रात सात चुका काढल्या होत्या आणि ते परत पाठवलं होतं’ यातल्या ‘होत्या’, ‘होतं’नी सगळी हवा गेली. गमतीचा शब्द शेवटी यावा म्हणून वाक्य मोडा, क्रियापद आधी आणा किंवा गाळा, नाहीतर संवादात टाका: ‘डॉक्टरांचं सूचनापत्र परत गेलं. सात चुका. खाली सही.’

‘सगळे हसले’, ‘आम्हाला हसू आवरेना’ ही वाक्यं शक्यतो काढून टाका. पात्रं हसली की वाचकाची हसायची जागा भरून जाते. त्याउलट, सगळे गंभीर असताना वाचक एकटाच हसला तर ते हसू त्याचं स्वतःचं असतं. उद्गारचिन्हही नको. आणि विनोदानंतर त्याचा अर्थ सांगणारं वाक्य तर मुळीच नको. ‘आईच्या या प्रश्नात किती प्रेम होतं’ असं लिहिलंत की पाटीचा सगळा प्रसंग वाया गेला.

विनोदाच्या पाठचं वाक्य मात्र लक्षपूर्वक लिहा. तिथं साधी कृती ठेवा. ‘यांना आत नेताना ही दिसली नसेल ना?’ यानंतर: ‘मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघी बाकावर बसलो.’ एवढंच. हसू ओसरायला आणि दुःख परत यायला तेवढी जागा पुरते.

किती मोठं हसू हवं, याचाही विचार करा. नाट्यशास्त्रानं हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. ओठांच्या कडा जेमतेम हलण्यापासून अंग गदागदा हलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत. करुण कथेचा बराचसा संसार पहिल्या दोघांत होतो. अतिहसित वापरायचं तर कथेत एकदाच, आणि ते शक्यतो आवरता न येणारं, नको त्या ठिकाणी फुटलेलं हसू असावं, ज्याचं रूपांतर रडण्यात कधी झालं ते कुणालाच कळत नाही. पण हा प्रसंग एव्हाना सवयीचा झाला आहे. अगदी तुमच्या पात्राच्या स्वभावातून तो येत असेल तरच घ्या.

सहावी पायरी: तोच विनोद परत आणा, दर वेळी वेगळ्या वजनानं

करुण कथेत नवे नवे विनोद शोधत बसू नका. एकच धरा आणि त्याला वाढू द्या. आपल्या गोष्टीतलं लाल पेन असं फिरेल:

पहिल्यांदा निखळ हसू. मुलगी पत्रातून आनंदाची बातमी कळवते, नोकरी लागल्याची. पत्र परत येतं: दोन वेलांट्या, एक अनुस्वार, आणि समासात ‘वाक्य लांब’. बातमीबद्दल एक अक्षर नाही.

दुसऱ्यांदा सुटकेचं हसू. झटक्यानंतर वडील बोलू शकत नाहीत. डोळे छताकडे. उपचारांचा छापील कागद त्यांच्या हाती पडतो आणि हात हवेत काहीतरी मागू लागतो. आईच्या लक्षात येतं. ती पर्समधून लाल पेन काढते. थरथरत्या हातानं ते एका शब्दाभोवती गोल काढतात. शब्द खरंच चुकलेला असतो. माणूस अजून आत आहे! (हे उद्गारचिन्ह माझं, कथेत नको.)

तिसऱ्यांदा हसू अर्ध्यावर अडतं. आता रोजचा खेळ झाला आहे. मुलगी मुद्दाम कागद आणते. एके दिवशी ते भराभर गोल काढत जातात. ती हसत कागद पाहते. एकही शब्द चुकलेला नाही. गोल केलेल्यांत तिचं स्वतःचं नावही आहे.

इथं लेखकानं ‘माझं काळीज थांबलं’ वगैरे काही लिहू नये. तिनं कागद घडी करून ठेवला, एवढं लिहावं.

चौथ्यांदा ते गेल्यानंतर. वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर मुलगी दहा वेळा तपासते. छापून येतो तेव्हा एक काना निसटलेला असतो. तिला ते दिसत नाही. आई, जिनं आयुष्यभर त्या लाल पेनाचा वैताग केला, चष्मा लावते, पेन मागून घेते आणि त्या शब्दाभोवती गोल काढते.

चारही वेळा वस्तू तीच, कृती तीच. पहिलं हसू नसतं तर चौथ्या प्रसंगात एक बाई वर्तमानपत्रावर रेघोट्या मारते आहे, यापलीकडे काही नसतं. विनोद दुःखाला कसा उपयोगी पडतो हे याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही. पुनरावृत्ती तीन किंवा चारदाच करा. आणि तिसऱ्या वेळी अर्थ पालटलाच पाहिजे. नाहीतर ती नुसती लकब होऊन बसते.

घटना खरी असेल तेव्हा

खऱ्या शोकांतिकेबद्दल लिहिताना काळाचं अंतर मोजा. २०१२ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सँडी वादळ आलं, तेव्हा विनोदाचे अभ्यासक पीटर मॅकग्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वादळावरचे विनोद लोकांना वेगवेगळ्या दिवशी दाखवून किती हसू येतं ते मोजलं. नुकसानीचं स्वरूप कळल्यानंतरच्या दिवसांत हसू घसरलं, साधारण महिन्याभरानं ते सर्वाधिक झालं, आणि तीनेक महिन्यांनी विनोदांची धारच गेली. फार लवकर केलेला विनोद दुखावतो, फार उशिरा केलेला कुणाला लागत नाही. तो अभ्यास दुरून पाहणाऱ्यांचा होता, हे मात्र विसरू नका. ज्यांचं माणूस गेलं त्यांचं घड्याळ वेगळं चालतं, आणि ते आपण लावू शकत नाही. त्यांच्याबद्दल लिहिणार असाल तर छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. त्यांनी एक ओळ काढायला सांगितली तर वाद न घालता काढा.

याउलट, शोकात असलेली माणसं हसतच नाहीत असं समजून लिहिणंही खोटं. मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदार जाऊन सहाएक महिने झालेल्यांना त्या व्यक्तीबद्दल बोलतं केलं होतं. बोलताना ज्यांना मनापासून, डोळ्यांत उमटणारं हसू आलं, त्यांना होणारा त्रास इतरांपेक्षा कमी असल्याचं दिसलं. तुमच्या कथेतली विधवा तिसऱ्या पानावर हसली म्हणून तिचं प्रेम कमी ठरत नाही, हे वाचकालाही कळतं.

श्रद्धांजलीचं भाषण करायचं असेल तर सगळं थोडक्यात असं: पहिलं वाक्य गमतीचं नको, आधी नुकसान मान्य करा. मग एकच प्रसंग सांगा, ज्यात गेलेली व्यक्ती तिच्या पूर्ण स्वभावासह दिसेल. घरच्यांना आधी विचारून घ्या. फक्त चौघांनाच कळेल अशी खासगी गंमत टाळा.

शेवटची तपासणी

खर्डा निदान आठवडाभर बाजूला ठेवा. मग प्रत्येक विनोदाला कंस करा आणि तो वगळून प्रसंग वाचा. दुःख होतं तितकंच राहिलं, तर तो विनोद सजावट होता, जाऊ द्या. दुःख वाढलं, तर तो आड येत होता, नक्की काढा. दुःख उणावलं, माणूस पुसट झाला, तर तो विनोद कथेचा आहे, त्याला हात लावू नका. ही एकच कसोटी नीट लावली तर एरवी लागणाऱ्या दहा नियमांचं काम होतं.

मग मोठ्यानं वाचा, शक्यतो कुणासमोर. ऐकणारा कुठं हसतो यापेक्षा हसल्यानंतर तो काय करतो ते पाहा. हसून तो पुढे झुकला, गप्प झाला, तुमच्या पुढच्या वाक्याची वाट पाहू लागला, तर जागा बरोबर आहे. हसून सैल झाला, फोनकडे वळला, तर तुम्ही त्याला गोष्टीतून बाहेर काढलंत. तो कुठंच हसला नाही, पण शेवटी त्या माणसाबद्दल आणखी विचारू लागला, तरी घाबरू नका. स्मित ऐकू येत नाही.

आणि काही कथांना विनोद सोसत नाही. पहिल्या पानावरची ती रेघ मारलेली ओळ पुन्हा वाचा. तिच्या आसपास कुठंही हसू उगवत नसेल, प्रत्येक गंमत ओढूनताणून आणावी लागत असेल, तर ती कथा तशीच, विनोदाशिवाय पूर्ण करा.